वाळूतले पॅडल टायर : पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

वाळूत एटीव्ही (जाड टायरांची, हँडलने वळणारी चार चाकांची ऑफरोड गाडी) चालवणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक विषय सारखा डोकावतो : पॅडल टायर हवेत, पण स्वस्तात. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : पॅडल टायर म्हणजे गुळगुळीत टायर आणि त्यावर रुंदीच्या दिशेने बसवलेल्या रबराच्या उभ्या भिंती. होडीचं वल्हं पाणी मागे ढकलतं तशी ही भिंत वाळू मागे ढकलते आणि गाडी पुढे जाते. साध्या टायरच्या गुट्ट्यांमधल्या (रबराच्या उंचवट्यांमधल्या) फटींतून कोरडी वाळू निसटते, म्हणून तो टायर नुसता खड्डा खणत बसतो.

प्रश्न : माझी गाडी 250 सीसीची आहे. बारा पॅडलची एक जोडी आठ पॅडलच्या जोडीपेक्षा स्वस्त मिळते आहे. जास्त पॅडल म्हणजे जास्त पकड, मग घेऊन टाकू का?

घेऊ नका. पॅडल वाढली की पकड वाढते हे खरं, पण ती पकड तोडून चाक फिरवण्याचं काम इंजिनालाच करायचं असतं. 250 सीसीच्या इंजिनाला बारा पॅडल लावली तर सपाट वाळूवरसुद्धा दुसऱ्या गिअरच्या वर जाता येणार नाही. तिसरा टाकला की इंजिन दमतं, पुन्हा खाली यावं लागतं. चढावर तर क्लच घसरवत चालवण्याची पाळी येते आणि वाचलेले पैसे क्लच प्लेटांत जातात.

थोडा हिशेब करून पाहा. 20 इंची टायरचा घेर सुमारे 160 सेंटिमीटर. आठ पॅडल असतील तर दोन पॅडलमध्ये 20 सेंटिमीटर अंतर पडतं, दहा असतील तर 16, बारा असतील तर जेमतेम 13. टायरचा साधारण वीतभर भाग वाळूत असतो असं धरलं, तर आठ पॅडलच्या टायरचं एखाद-दुसरं पॅडल एका वेळी काम करतं. बाराच्या टायरची जवळपास दोन पॅडल सतत वाळू ओढत असतात. म्हणजे इंजिनावरचं ओझं दीडपट. शिवाय प्रत्येक पॅडलचं रबर हे टायरच्या सगळ्यात बाहेरच्या परिघावरचं वजन आहे. लहान इंजिनाला ते फिरवताना लगेच जाणवतं.

ढोबळ अंदाज असा ठेवा : 250 सीसीपर्यंत सहा ते आठ पॅडल, उंची 16 मिलिमीटरच्या आसपास. 400 ते 450 सीसीला आठ ते दहा, उंची 19 मिलिमीटर. 700 सीसी आणि वर असेल तर दहा-बारा पॅडल आणि 25 मिलिमीटर उंचीही चालते. चालवणारा वजनदार असेल किंवा मागे सामान बांधायचं असेल तर गाडी जास्त रुतते आणि इंजिनाला आधीच ओझं असतं. अशा वेळी दोन आकड्यांत घोळ होत असेल तर लहान आकडा निवडा.

विकत घेतल्यावर निवड बरोबर आहे की नाही हे तपासायचं असेल तर सपाट, भुसभुशीत वाळूवर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा. इंजिनाचे फेरे कमी होत गेले तर पॅडल जास्त आहेत. फेरे शेवटापर्यंत चढले पण गाडीचा वेग वाढलाच नाही तर कमी आहेत.

प्रश्न : मग चुकून जास्त पॅडलचा टायर घेतलाच असेल तर तो टाकून द्यावा लागेल?

नाही. पॅडल कापून कमी करता येतं, वाढवता मात्र येत नाही. आधी लांबी कमी करा, उंचीला हात लावू नका. प्रत्येक पॅडलच्या दोन्ही टोकांकडून 5 मिलिमीटर कापा, गाडी चालवून पाहा, गरज वाटली तर पुन्हा 5. सगळी पॅडल सारखीच कापली गेली पाहिजेत, नाहीतर टायर एका बाजूला जड होतो आणि वेगात मागचा भाग थरथरतो. धारदार कटर आणि साबणाचं पाणी घ्या. कोरडं पातं रबरात अडकतं आणि मग नको तिकडे घसरतं. पात्याचा रोख हातापासून आणि टायरपासून दूर ठेवा. पॅडलच्या मुळाशी किमान 3 मिलिमीटर रबर राहू द्या. केसिंगला, म्हणजे पॅडलखालच्या टायरच्या मूळ अंगाला, ओरखडा गेला तर तिथूनच पुढे चीर वाढते.

तेवढ्यानेही भागलं नाही तर एकाआड एक पॅडल काढायचा मार्ग आहे. तो फक्त सम संख्येच्या टायरला जमतो, आणि बाराचे थेट सहा होतात. 250 सीसीला ते परवडेल. 450 ला तो टायर मग मिळमिळीत वाटेल.

प्रश्न : 450 सीसीच्या स्पोर्ट एटीव्हीसाठी 20x11-9 आणि 22x11-10 अशा दोन मापांत अडकलो आहे. 22 वाला वापरलेला असून चांगल्या स्थितीत आहे आणि बराच स्वस्त आहे.

आधी माप वाचू. 20 म्हणजे टायरची उंची इंचांत, 11 म्हणजे रुंदी, 9 म्हणजे रिमचा व्यास. एक खोच इथे आहे. काही उत्पादक उंची पॅडलसकट मोजतात, काही पॅडल सोडून. वापरलेला टायर घेताना छापील आकड्यावर विसंबू नका. हवा भरलेल्या टायरला टेप लावून एका पॅडलच्या माथ्यापासून समोरच्या बाजूच्या पॅडलच्या माथ्यापर्यंत स्वतः मोजा.

आता खरा मुद्दा. 20 वरून 22 वर गेलात की गाडीचं गिअरिंग 10 टक्क्यांनी लांब होतं. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 10 टक्के जास्त जायला बघते आणि त्यासाठी लागणारा जोर इंजिनाकडेच मागितला जातो. पॅडलचं ओझं त्यावर वेगळं. म्हणून 450 सीसीसाठी 20 इंची टायर घ्यावा असं आमचं मत आहे. खूप मोठ्या, सलग टेकड्यांवर चढायचं असेल आणि इंजिनाचं काम करून ताकद वाढवलेली असेल तर 22 चा विचार करता येईल.

तरीही तो स्वस्त 22 सोडवत नसेल तर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलून हिशेब जुळवता येतो. समजा पुढे 14 दात आणि मागे 38 आहेत. गुणोत्तर झालं 2.71. पुढचं 13 दातांचं लावलं की 2.92 होतं, म्हणजे पावणेआठ टक्के फरक. हाच परिणाम मागच्या बाजूने साधायचा तर 41 दातांचं स्प्रॉकेट लागतं. पुढचं एक दाताने लहान करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, कारण भाग लहान आणि चेन सहसा तीच चालते. फक्त लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त तीव्र वळण घेते, त्यामुळे लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचा ॲक्सल धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला घासते. ती पट्टी दर फेरीनंतर बघत जा. 12 दातांपर्यंत खाली जाऊ नका. टायर 22, स्प्रॉकेट नवं, चेन लवकर बदलायची अशी बेरीज केली तर तो स्वस्त टायर किती स्वस्त राहिला, ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : वापरलेले पॅडल टायर घेताना नक्की काय बघायचं? विकणारा म्हणतो, फक्त दोन मोसम वापरले आहेत.

मोसम मोजू नका, रबर बघा. निव्वळ वाळूत चाललेला टायर बरीच वर्षं टिकतो आणि एकच दिवस खडीवर चाललेला टायर निकालात निघतो.

सगळ्यात आधी पॅडलच्या मुळाशी पाहा, जिथे ते केसिंगला चिकटतं. प्रत्येक पॅडल अंगठ्याने जोर लावून पुढे-मागे वाकवा आणि मुळाशी केसासारखी चीर उघडते का ते बघा. पॅडलवर येणारा सगळा जोर या एका रेषेवर पडतो. गुळगुळीत केसिंगवर नंतर रबर चढवलेल्या टायरांत जोड इथेच असतो, आणि सुटायला लागला की तोही इथूनच. एका पॅडलला चीर असेल तर किंमत पाडून घ्या. तीन-चार पॅडलना असेल तर टायर सोडून द्या. वेगात फिरताना निखळलेलं पॅडल मागच्या माणसाच्या अंगावर दगडासारखं येतं.

मग पॅडलची वरची धार बघा. नवीन पॅडलची धार काटकोनी असते. झिजली की पुढची कड गोल होते आणि वाळू तिच्यावरून घसरून जाते. थोडी गोलाई चालते. पण मधला भाग झिजून टोकं उंच राहिली असतील तर तो टायर जास्त हवा ठेवून किंवा कडक जमिनीवर चालवलेला आहे, असं समजा.

साइडवॉल मुठीत धरून दाबा. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तर रबर उन्हाने वाळलं आहे. दोन प्लायचा (कापडी थरांचा) हलका टायर असेल तर अशा भेगांतून हवा झिरपायला वेळ लागत नाही. शेवटी बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी, आत तार असलेली टायरची कड. टायर रिमवर नसेल तर बीडच्या गोल कडेवरून बोट फिरवा. कुठे रबर फाटून तार दिसत असेल तर कोणत्याही किमतीत घेऊ नका. पॅडल टायर कमी हवेवर चालतो, त्यामुळे रिमला धरून ठेवायचं सगळं काम बीडचं असतं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

चार आकडी तारखेचा ठसा सापडला तर पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. सगळ्याच ऑफरोड टायरांवर तो असेल असं नाही. आणि जोडी म्हणून विकत असतील तर दोन्ही टायरांची पॅडल मोजा, उंची मोजा. मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) सलग असलेल्या गाडीत दोन टायरांच्या घेरात फरक असला तर गाडी सतत एका बाजूला ओढते.

प्रश्न : मागे पॅडल लावले तर पुढे वाळूचे खास टायर घ्यावेच लागतात का?

बजेट मर्यादित असेल तर पहिल्या वर्षी नका घेऊ. दोन चाकांवर ताकद असलेल्या गाडीत पुढच्या चाकाचं काम फक्त दिशा देणं आणि वाळूवर तरंगणं एवढंच. घासून अर्धे झालेले साधे टायर तेही करतात. नव्या गुट्टीदार टायरपेक्षा बरं करतात, कारण ते वाळू कमी उकरतात.

पुढे कधी घ्यायचे झाले तर मधोमध एक उंच कडा असलेले घ्या. ती कडा होडीच्या सुकाणूसारखी वाळू कापते आणि वळताना गाडी सरळ घसरत जात नाही. अजिबात कडा नसलेला गुळगुळीत टायर सरळ रेषेत झकास पळतो, पण उतारावर वळवताना हँडल फिरवलं तरी गाडी ऐकत नाही.

प्रश्न : आमची 700 सीसीची चारचाकी ताकदीची युटिलिटी एटीव्ही आहे. चारही चाकांना पॅडल लावायचे का? दुकानदार चारही मागचेच टायर घ्या म्हणतो.

दुकानदाराला टायर विकायचे आहेत. पुढे मागच्याइतकी पॅडल लावली तर हँडल जड होतं, आणि प्रत्येक पॅडल वाळूत शिरताना बसणारा धक्का मनगटापर्यंत येतो. पुढे पॅडल लावायचेच असतील तर कमी उंचीचे आणि संख्येने कमी असे, खास पुढच्यासाठी बनवलेले घ्या. बहुतेक वापरासाठी मागे पॅडल, पुढे कडा असलेले किंवा झिजलेले टायर आणि अडचणीच्या वेळीच फोर व्हील, एवढं पुरतं.

यात जपायची गोष्ट टायरच्या घेराची आहे. पुढच्या आणि मागच्या टायरांच्या घेराचं मूळ गुणोत्तर कंपनीने ठरवलेलं असतं. मागे लहान टायर लावले आणि पुढे मोठे ठेवले तर मागची चाकं कायम जास्त फेरे मारतात. ज्या गाड्यांत मागची चाकं घसरली की पुढची आपोआप जोडली जातात, त्या गाडीला वाटतं की मागची घसरतच आहेत. मग पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) विनाकारण सतत कामाला लागतो आणि तापतो. मऊ वाळू हा ताण थोडा पोटात घालते, कडक ओली वाळू घालत नाही. म्हणून मूळ टायरांचा घेर टेपने मोजा, त्यातलं गुणोत्तर काढा आणि नव्या जोडीत तेच राखा.

तुमच्या गाडीत बेल्टचा सीव्हीटी (हाताने गिअर न बदलता चालणारी यंत्रणा) असेल तर वाळूत लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग-जास्त जोराच्या खटक्यात, चालवा. हाय रेंजमध्ये पॅडलच्या ओझ्याखाली बेल्ट घसरतो, जळका वास येतो आणि त्यानंतर फार वेळ मिळत नाही. वास आला की थांबा, इंजिन न्यूट्रलमध्ये काही मिनिटं चालू ठेवा म्हणजे आतली हवा खेळून बेल्ट थंड होईल. जादा बेल्ट सोबत असू द्या.

प्रश्न : प्रत्येक वेळी टायर काढून-घालून कंटाळलो. वेगळे रिम घेणं परवडतं का?

परवडतं, आणि या सगळ्या खरेदीत आम्ही पैसे खर्च करायला सांगू अशी ही जागा. एटीव्हीचा बीड रिमवर घट्ट असतो. दर वेळी उतरवताना-चढवताना लीव्हरने बीडला थोडी इजा होतेच. मोसमात चार-सहा वेळा हे केलं तर टायरचं आयुष्य वाळूऐवजी लीव्हर खातो. रिम वापरलेले चालतील, लोखंडी चालतील, दिसायला भंगार असले तरी चालतील. फक्त गोल आणि सरळ हवेत : रिम सपाट फरशीवर ठेवून कड सगळीकडे टेकते का ते बघा.

बोल्टची मांडणी मोजणं चार बोल्टच्या रिमला सोपं असतं. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. 110, 115, 136, 144, 156 असे आकडे येतात, आणि स्पोर्ट गाड्यांत पुढची मांडणी मागच्यापेक्षा वेगळी असणं नेहमीचं आहे. 110 आणि 115 मधला घोटाळा फार होतो. फरक पाचच मिलिमीटरचा, त्यामुळे नट ओढून-ताणून बसतात, स्टड तिरके होतात आणि नंतर तुटतात. नट हाताने शेवटपर्यंत फिरत गेले नाहीत तर रिम चुकीचा आहे.

ऑफसेट 3+5 किंवा 4+5 असा लिहितात : पहिला आकडा हबच्या पृष्ठभागापासून आतल्या बाजूची रुंदी, दुसरा बाहेरच्या बाजूची, दोन्ही इंचांत. आतला आकडा मोठा असेल तर टायर चेन आणि स्विंगआर्मच्या जवळ जातो. पॅडलची उंची धरून आत किमान 15 मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. मडगार्डखालची जागा गाडी उभी असताना बघून उपयोग नाही. दोन माणसं मागे बसवून शॉक पूर्ण दाबा आणि तेव्हा चाक हाताने फिरवून पाहा.

प्रश्न : हवा किती ठेवायची? कुणी 3 पीएसआय सांगतं, कुणी 10.

स्पोर्ट एटीव्हीच्या मागच्या पॅडल टायरला 6 पीएसआयपासून सुरुवात करा आणि 4 ते 8 च्या दरम्यान आपल्या गाडीला मानवेल ते शोधा. हलकी गाडी खालच्या बाजूला, जड गाडी वरच्या.

शोधायचं कसं, तर वाळूवरचा ठसा बघून. सपाट वाळूवर हळू चालवा आणि मागे उतरून ठसा पाहा. पॅडलचा ठसा मध्ये खोल आणि कडांना पुसट असेल तर हवा जास्त आहे. टायर मध्ये फुगला आहे आणि पॅडलचा मधला तुकडाच काम करतो आहे. कडा खोल आणि मध्य पुसट असेल तर हवा कमी आहे, टायर मध्ये आत दबतो आहे. पूर्ण रुंदीचा सारखा ठसा उमटला की तो आकडा लिहून ठेवा. हवा फार कमी झाली तर पकड जातेच, शिवाय आडव्या उतारावर बीड रिमवरून निसटतो आणि आत वाळू भरते. मग धुतल्याशिवाय तो पुन्हा बसत नाही.

गाडीच्या टायरचा नेहमीचा गेज इथे कुचकामी. शून्य ते 60 पीएसआयच्या गेजमध्ये पूर्ण मापाच्या 2 टक्के चूक असली तरी ती सव्वा पीएसआयच्या घरात जाते, म्हणजे 5 पीएसआयवर पाव हिस्सा. शून्य ते 15 पीएसआयचा गेज घ्या. स्वस्त वस्तू आहे आणि तिच्याशिवाय वरचं सगळं अंदाजपंचे.

उन्हाचाही हिशेब ठेवा. सकाळी 20 अंश सेल्सिअसला भरलेली 5 पीएसआय हवा टायर 40 अंशांपर्यंत तापला की साधारण 6.3 पीएसआय होते. कारच्या 32 पीएसआयच्या टायरमध्ये तेवढ्याच तापमानाने दहा टक्के वाढ होते. इथे पंचवीस टक्क्यांहून जास्त. म्हणून दुपारी टायर अचानक घसरू लागला तर पॅडलला दोष देण्याआधी हवा मोजा.

प्रश्न : नवे टायर बसवले, पण जुन्यापेक्षा गाडी जास्त रुतते. रिव्हर्समध्ये मात्र छान ओढते. टायर खराब निघाले का?

टायर उलटे बसले आहेत. चाकाच्या सगळ्यात वरच्या टोकाचं पॅडल बघा : त्याची खोलगट बाजू पुढे, हँडलकडे असली पाहिजे. तेच पॅडल फिरून खाली आलं की खोलगट बाजू मागे होते आणि वाळू ओंजळीत धरून मागे ढकलते. ट्रॅक्टरचा टायर पाहून डोळ्यांना सवय झालेली असते, आणि गोंधळ तिथूनच होतो. ट्रॅक्टरच्या टायरचं टोक आधी जमिनीत शिरतं आणि चिखल दोन्ही बाजूंना बाहेर फेकतं. पॅडलला याच्या नेमकं उलट, वाळू मध्ये गोळा करायची असते.

दोन्ही टायर उलटे असतील तर रिमवरून काढायची गरज नाही. डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा, दिशा आपोआप सुधारते. एकच उलटं असेल तर तेवढं रिमवरून काढावं लागेल. बाजूवर बाण असेल तर तो वरच्या टोकाला पुढे गेला पाहिजे.

प्रश्न : जुन्या टायरवर घरीच पॅडल बनवता येतील का? कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या नटबोल्टने बसवायचा विचार आहे.

बोल्टचा विचार सोडा. एटीव्हीचा टायर ट्यूबलेस असतो, भोकं पाडली की ट्यूब घालावी लागते. कमी हवेवर केसिंग सतत लवतं आणि बोल्टची डोकी ट्यूब घासत राहतात. एका बाजूला ट्यूब फाटते, दुसऱ्या बाजूला प्रत्येक भोकापासून केसिंग चिरत जातं. थंड सोल्यूशनने चिकटवलेली पट्टीही टिकत नाही. पंक्चरच्या ठिगळाला जो जोर कधीच सोसावा लागत नाही तो पॅडलला प्रत्येक फेऱ्यात सोसावा लागतो. रबर गरम करून, दाबाखाली चढवावं लागतं. रिमोल्डिंगचं यंत्र असलेला कुणी ओळखीचा असेल आणि तो एवढ्या लहान टायरला हात लावत असेल तर केसिंग घासून त्यावर पॅडल चढवून घेता येईल.

घरी करण्यासारखा एकच उद्योग आहे. खोल गुट्ट्यांचा, झिजलेला पण भेगा नसलेला टायर घ्या. गुट्ट्यांच्या आडव्या ओळी मोजा आणि दर तिसरी ओळ ठेवून मधल्या दोन ओळी कटरने कापा, मुळाशी 3 मिलिमीटर सोडून. उरलेल्या ओळी पॅडलसारखं काम करतात, मात्र गुट्ट्यांमधल्या फटींतून वाळू गळतेच. 250 सीसीपर्यंतच्या गाडीला, वर्षातून दोनदा वाळूत जाणाऱ्याला हे चालून जाईल. दोन टायरना पूर्ण दिवस लागतो आणि हात भरून येतात.

प्रश्न : गाडी उतरवायच्या जागेपासून वाळूपर्यंत दोन किलोमीटर डांबरी रस्ता आहे. हळू चालवत नेलं तर?

नको. कडक रस्त्यावर गाडीचा सगळा भार एका वेळी एक-दोन पॅडलच्या धारेवर येतो. गाडी उड्या मारत चालते, ब्रेक नीट लागत नाहीत आणि धार गोल होते. खडीवर तर पॅडलचे लचके तुटतात. ट्रेलरवरून थेट वाळूत उतरवा, किंवा दुसऱ्या रिमवरचे साधे टायर लावून जा आणि चाकं तिथे बदला. चार नट एका चाकाला, जॅक सोबत असेल तर दोन्ही मागच्या चाकांचं काम वीस मिनिटांत होतं. जॅकखाली मात्र रुंद फळी हवी, नाहीतर जॅकच वाळूत जाईल. चालवायला लागल्यावर अर्ध्या तासाने नट पुन्हा एकदा आवळा.

प्रश्न : पॅडल लावल्यापासून चेन फार लवकर सैल होते. आणि रुतलो तर पूर्वीपेक्षा खोल रुततो.

चेनला चिकट ग्रीस लावत असाल तर ते बंद करा. त्याला वाळू चिकटून ते सॅंडपेपरसारखं स्प्रॉकेट खातं. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन आणि त्यावर कोरडं वंगण वापरा, आणि ताण प्रत्येक दिवशी सुरुवातीला बघा. साधा टायर घसरून जो झटका वाया घालवतो तो पॅडल टायर सरळ चेनवर टाकतो, त्यामुळे थोडी जास्त झीज होणारच.

रुतण्याचं म्हणाल तर पॅडल हे फावडंच आहे. गाडी पुढे जायची थांबली की थ्रॉटल लगेच सोडा. आणखी दोन सेकंद दाबलंत तर ॲक्सल वाळूवर टेकतो. उतरा, गाडी बाजूला कलंडवून एका चाकाखालचा खड्डा वाळूने भरा, मग दुसऱ्या बाजूला कलंडवून तसंच करा आणि दुसऱ्या गिअरमध्ये अलगद काढा. थांबायचं असेल तेव्हा आधीच तोंड उताराकडे करून थांबा.

प्रश्न : मोसम संपल्यावर टायर कसे ठेवायचे?

गोड्या पाण्याने धुऊन, विशेषतः बीडच्या फटीतली वाळू काढून, सावलीत वाळवा. रिमवर असतील तर 3-4 पीएसआय हवा ठेवा आणि आडवे, एकावर एक रचा. उभे ठेवले तर खालच्या पॅडलवर महिनोन्‌महिने वजन पडून ते वाकडंच राहतं, आणि पुढच्या मोसमात प्रत्येक फेऱ्याला तिथे एक ठोका बसतो. चढवताना पुन्हा एकदा पॅडलची मुळं वाकवून बघा. चीर असेल तर ती आता दिसेल.